पितळेचा पीळ

दौंडपासून थोड्या अंतरावर, पुणें–सोलापूर हमरस्त्यावर, कुरकुंभ नांवाचें गांव आहे. फिरंगाई देवीचें स्थान म्हणून आसपासच्या तालुक्यांत तें पूर्वींपासून ठाऊक आहे. अलीकडे रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीमुळें त्याचें नांव दूरवर गेलें आहे. या गांवांतील आमच्या जुन्या घराची गेल्या उन्हाळ्यांत आवराआवर चालली असतां दोन ठिकाणीं रायफलीचीं काडतुसें निघालीं. तीन माजघरांतल्या शिसवी पेटींत, पेन्शनीच्या कागदांबरोबर, फडक्यांत गुंडाळलेलीं होतीं. पांच गोठ्याच्या भिंतींतील कोनाड्यांत, झांकण नसलेल्या एका पत्र्याच्या डब्यांत पडलेलीं होतीं. आठही भरलेलीं, एकाच जातीचीं व एकाच वर्षाचीं. सर्वांच्या बुडावर के आणि एफ हीं इंग्रजी अक्षरें, म्हणजे खडकीच्या कारखान्याची खूण. आमच्या आजोबांचे धाकटे बंधु पहिल्या महायुद्धाच्या वेळीं पलटणींत होते. त्यांनींच तीं आणलीं असावींत.

पेटींतलीं तिन्ही काडतुसें काळवंडलेलीं होतीं, पण अखंड होतीं. गोठ्यांतल्या पांचांपैकीं चारांचा गळा मात्र उभा तडकला होता. एकाचा तडा इतका रुंद कीं आंतील दारूच्या कांड्या दिसाव्यात. कोणी त्यांवर घाव घातला नव्हता, कीं कोणी तीं बंदुकींत घातलीं नव्हतीं. शंभर वर्षें तीं जागच्या जागीं पडून होतीं, आणि पडल्यापडल्याच फुटलीं.

माझा एक पुतण्या अमेरिकेंत असतो व त्या दिवसांत तो घरीं आला होता. तो म्हणाला, "काका, आमच्याकडे जुन्या रायफली जपणारे हौशी लोक आपलीं काडतुसें घरींच बनवितात. पितळ पुन्हां आकारास आणतां येते. मग हीं उकलून, नीट करून, जपून कां ठेवूं नयेत?" काडतुसांना आम्हीं हात लावला नाहीं, पोलिस ठाण्यास कळविलें, रीतसर पंचनामा झाला आणि तीं सरकारजमा झालीं. पण पुतण्याचा प्रश्न व गोठ्यांतला तो तडा, हे दोन्ही माझ्या मनांत राहिले. या दोहोंचें उत्तर एकच आहे, आणि तें पितळेच्या स्वभावांत आहे. आजचें भाषण त्याविषयीं आहे.

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. शब्द आला तेव्हां काडतूस म्हणजे कागदाची पुडी होती. एका बाराला लागेल तितकी दारू व एक गोळी कागदांत वळून ठेवीत; शिपायानें ती पुडी फोडावी, दारू नळीच्या तोंडांतून ओतावी व वरून गोळी ठासावी, अशी रीत होती. एन्फील्ड रायफलीच्या अशाच कागदी काडतुसांना लावलेल्या चरबीवरून १८५७ सालीं केवढा वणवा पेटला तें सर्वांस ठाऊक आहे. पुडी दांतांनीं फोडावी लागे, हें त्या कथेचें मूळ.

पुढें दहा वर्षांच्या आंतच बंदूक मागून भरण्याची युक्ति रूढ झाली. ब्रिटिश लष्करानें १८६६ सालीं स्नायडर पद्धतीची रायफल स्वीकारली, ती याच जातीची. सोय मोठी होती, पण तिच्याबरोबर एक नवी अडचण आली. बार उडतांच दारूचा वायु होतो व तो वाट मिळेल तिकडे धांवतो. मागचें दार कितीही घट्ट बसविलें तरी लोखंडाला लोखंड लागून फट राहणारच, आणि त्या फटींतून निघणारी ज्वाळा बंदूक धरणाऱ्याच्या तोंडावर येणार. ही फट बुजवावी कशानें?

तिचें उत्तर पितळेनें दिलें. पातळ पितळेचें काडतूस नळीच्या मागच्या घरांत बसलें, कीं बार उडतांच तें वायूच्या दाबानें फुगतें व घराच्या भिंतीला चिकटून बसतें. वायूला मागें यावयास जागाच राहत नाहीं. आणि दाब उतरतांच तेंच पितळ किंचित् आखडतें, भिंत सोडतें, व रिकामें काडतूस सहज ओढून काढतां येतें. फुगावें, पण फाटूं नये. आखडावें, पण अडकूं नये, आणि हें सर्व डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं व्हावें, एवढी अपेक्षा या लहानशा नळीकडून आहे. शिसें फुगेल, पण परत आखडणार नाहीं. कठीण पोलाद आखडेल, पण वेळेवर फुगणार नाहीं. पितळ या दोहोंच्या मधली आहे. शिवाय ती लवकर गंजत नाहीं.

प्रारंभीं मात्र सबंध पितळेची नळी करणें साधलें नव्हतें. वुलविच येथील कर्नल बॉक्सर यांनीं स्नायडर रायफलीसाठीं जें काडतूस तयार केलें, त्यांत पितळेचा पातळ पत्रा सुरळीसारखा गुंडाळून त्याला लोखंडी बूड बसविलेलें होतें. १८७१ सालीं आलेल्या मार्टिनी–हेन्री रायफलीचें काडतूसही गुंडाळलेल्या पत्र्याचेंच होतें. १८८४–८५ सालीं सुदानच्या वाळवंटांत या सुरळीची परीक्षा झाली. उन्हानें व सततच्या बारानें तापलेल्या, वाळूनें भरलेल्या रायफलींत काडतूस चिकटून बसे, ओढूं गेलें तर बूड निघून हातीं येई व नळी आंतच राही. अशा अडलेल्या रायफली हातांत घेऊन शिपाई मारले गेले. त्यानंतर सुरळी मागें पडली आणि एकाच ठोकळ्यांतून ओढून काढलेली सलग पितळी नळी सर्वत्र आली. आमच्या घरीं सांपडलेलीं ०.३०३ इंचाचीं काडतुसें याच सलग जातीचीं होतीं.

आतां ही नळी ओढतात कशी तें पाहूं. त्यासाठीं आपल्याला दूर जावयास नको. पुण्याच्या शेजारीं खडकी येथें दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालीं उभा राहिला. तो आज म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. ही कंपनी २०२१ सालीं स्थापन झाली व तिचें मुख्य कार्यालय पुण्यांतच आहे. पण खडकीच्याही आधीं आपण कसबा पेठेंतील तांबट आळींत डोकावूं. कारण कारखान्यांत यंत्र जें करितें, त्याचें रहस्य तांबटाच्या हातोडींत अगोदरच आहे.

तांबट सपाट पत्रा घेतो व खोलगट भांडें घडवितो. तो ठोकूं लागला म्हणजे धातु प्रथम मऊपणें वांकतो, पण प्रत्येक घावागणिक कठीण होत जातो. शेवटीं तो ऐकेनासा होतो. तरीही ठोकीत राहिलें तर चिरतो. म्हणून जाणता तांबट मधेंच थांबतो, भांडें भट्टींत लाल करितो, गार करितो, आणि पुन्हां मऊ झालेल्या धातूवर हातोडी धरितो. घाव आणि आंच, घाव आणि आंच, अशी ही पाळी चालते. अखेरच्या ठोकणीस, जिला मठारकाम म्हणतात, पुन्हां आंच देत नाहींत. कारण त्या घावांनीं आलेला ताठपणा भांड्याला हवाच असतो. शाळा न पाहिलेल्या कारागिरानें पिढ्यान्पिढ्या पाळलेलें हें शास्त्र आहे.

काडतुसाची पितळ शंभरांत सत्तर भाग तांबें व तीस भाग जस्त अशी असते. हें प्रमाण मनास येईल तसें ठरलेलें नाहीं. जस्त चाळीस भागांपर्यंत वाढविलें तर पितळेंत दुसऱ्या, अधिक कठीण जातीचे कण उत्पन्न होतात व ती थंडपणीं ओढून लांब होत नाहीं. सत्तर–तीसची पितळ मात्र थंड असतांनाही सोशिक असते. तिच्या जाड पत्र्यांतून रुपयासारखी चकती कापतात. दट्ट्यानें ती साच्यांतून दाबली कीं तिची वाटी होते. वाटी आणखी अरुंद साच्यांतून दाबली कीं पेला होतो. पेल्याची, अशाच एकेक पायरीनें, लांब नळी होते. प्रत्येक ओढीनंतर पितळ कठीण होते, आणि म्हणून प्रत्येक दोन ओढींच्या मधें ती भट्टींत सुमारें सहाशे अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून मऊ करावी लागते. घाव आणि आंच यांचीच ही पाळी. हातोडीच्या जागीं दट्ट्या आला एवढेंच.

त्यानंतर बूड दाबून सपाट करितात, त्यावर खूण उठवितात, व बंदुकीची आंकडी धरण्यास त्याला कंगोरा काढितात. या दाबानें बूड अतिशय कठीण होतें आणि तें तसेंच ठेवितात. त्याला पुन्हां आंच लावीत नाहींत. ०.३०३ इंची रायफलींत बार उडतांना चौरस इंचास अठरा–एकोणीस टनांच्या घरांत दाब होतो, आणि शिपायाचा चेहरा व तो दाब यांच्यामध्यें जें आहे त्यांत हें बूड मुख्य. उलट टोंकाचा गळा मऊ व लवचिक हवा, कारण त्याला गोळी आवळून धरावयाची असते व बाराच्या वेळीं चटकन् फुगावयाचें असतें. म्हणजे एकाच अडीच इंचांहून तोकड्या नळींत बुडाशीं ताठपणा व गळ्याशीं मऊपणा, आणि मधें एकांतून दुसऱ्यांत उतरत जाणारी पितळ, अशी योजना असते. डोळ्यांना ही नळी सर्वत्र सारखीच पिवळी दिसते. तिचे गुण मात्र बोटाबोटावर बदलतात.

गळा आवळण्याचें काम शेवटीं होतें, आणि ०.३०३ च्या काडतुसांत तें एका गमतीच्या क्रमानें होई. त्यांतील दारू भुकटीची नसून कॉर्डाइटची असे. ही १८८९ सालीं निघालेली बिनधुराची दारू लांब कांड्यांच्या रूपांत येते, जणूं वाळलेल्या शेवयाच. निलगिरींतील अरुवनकाडू येथें ती करण्याचा कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभीं निघाला. शेवयांची ही जुडी अरुंद गळ्यांतून आंत जाईना; म्हणून नळी सरळ असतांनाच दारू भरीत आणि मागाहून गळा आवळून गोळी बसवीत. भरलेल्या काडतुसाचा गळा भट्टींत घालतां येत नाहीं, हें सांगावयास नकोच. आवळणीचा सगळा ताण त्या गळ्यांत राहिला तर राहिलाच. आणि आंत बसलेली गोळी त्याला बाहेर रेटीत असते ती वेगळीच.

या राहिलेल्या ताणालाच मी पीळ म्हणतों. ओढलेल्या पितळी नळीचें एक पातळ कडें कापून घ्यावें व तें करवतीनें एका जागीं उभें चिरावें. पुष्कळदां तें कडें आपोआप उघडतें, जणूं वर्षानुवर्षें दाबून धरलेला श्वास सोडतें. बाहेरचा थर ताणलेला, आंतला थर दाबलेला, आणि दोघे एकमेकांना धरून तोललेले, अशी त्या शांत दिसणाऱ्या नळीची अवस्था असते. बाहेरून कांहींच दिसत नाहीं. पण कोणी येऊन तो तोल ढळविला कीं पीळ आपला मार्ग काढतो.

हा तोल ढळविणारा शत्रु प्रथम ओळखला गेला तो आपल्याच देशांत. ब्रिटिश लष्कराला असा अनुभव येऊं लागला कीं हिंदुस्थानांत सांठविलेलीं चांगलीं काडतुसें पावसाळ्यांत आपोआप तडकतात. पावसाळ्यांत स्वाऱ्या थांबत, व काडतुसें पुढच्या कोरड्या दिवसांपर्यंत कोठें तरी ठेवावीं लागत. बहुधा तीं घोड्यांच्या पागेंत ठेवीत. पाऊस संपून पेट्या उघडाव्यात तों गळे उभे फाटलेले. ऋतूबरोबर येणारा हा रोग म्हणून इंग्रजींत त्याला सीझन क्रॅकिंग, म्हणजे मोसमी तडे, असें नांव पडलें. तडा गेलेलें काडतूस उडविलें तर वायु भलत्याच जागीं निसटतो. तें न उडवावें तर ऐन प्रसंगीं शिपायाच्या कमरेचा पट्टा रिकामा. कित्येक वर्षें दोष पावसाला, उष्णतेला किंवा कारखान्याच्या निष्काळजीपणाला दिला जात होता.

खरें कारण १८२१ नव्हे, तर अगदीं अलीकडे, म्हणजे १९२१ सालीं, मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या तीन संशोधकांनीं स्पष्ट मांडलें. घोड्यांच्या मूत्रापासून पागेच्या हवेंत अमोनिया पसरतो. ओलाव्याच्या संगतीनें तो पितळेंतील तांब्याला विरघळवूं लागतो, आणि हें काम तो वरवर न करितां धातूच्या कणांच्या सांध्यांसांध्यांतून आंत शिरून करितो. पितळेंत पीळ नसेल तर तेवढ्यानें फारसें बिघडत नाहीं. पीळ असेल तर तो ताणच अमोनियानें सैल केलेला सांधा उघडतो, उघडलेल्या फटींत आणखी अमोनिया जातो, आणि तडा पुढें सरकतो. तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: पिळाची पितळ, ओल आणि अमोनिया. एक काढून घ्या, तडा थांबतो.

श्रोतेहो, आमच्या गोठ्याचें कोडें येथें सुटलें असेल. कुरकुंभच्या बाजूस पाऊस बेताचा पडतो. पण गोठ्याला पावसाळा लागत नाहीं. गोमूत्रानें भिजलेली जमीन, बारमाही ओल, कोंदटलेली हवा, आणि कोनाड्यांतला उघडा डबा, म्हणजे ती पागाच झाली. माजघरांतल्या तिन्ही काडतुसांतही तोच पीळ होता, परंतु त्यांना त्याचा शत्रु भेटला नाहीं. एकाच भट्टींतून, एकाच साच्यांतून निघालेल्या आठ भावंडांचें दैव केवळ हवेनें वेगळें केलें.

तीन गोष्टींपैकीं पाऊस आपल्या हातीं नाहीं, आणि लष्करांतून घोडे काढणें त्या काळीं अशक्य होतें. पण पीळ काढतां येतो. आकार देऊन झाल्यावर पितळ अडीचशें ते तीनशें अंशांपर्यंत तासभर मंद तापविली, कीं आंतला ताण उतरतो. सहाशे अंशांवर ती मऊ होते. या मंद आंचेवर ती मऊ होत नाहीं, तिचा ताठपणा तसाच राहतो, आणि पीळ तेवढा निघून जातो. आपल्याकडे म्हण आहे कीं सुंभ जळला तरी पीळ जळत नाहीं. पितळेच्या बाबतींत धातुशास्त्रानें ही म्हण उलटी करून दाखविली: सुंभ शाबूत राहतो आणि पीळ तेवढा जळतो. कित्येक लष्करी काडतुसांच्या गळ्याशीं निळसर–तांबूस झांक दिसते. ती गळ्याला स्वतंत्र आंच दिल्याची साक्ष होय. पाहणाऱ्याला ती दिसावी म्हणून पुष्कळ कारखाने ती पुसून काढीत नाहींत.

आतां पुतण्याच्या प्रश्नाकडे वळूं. एका काडतुसाची पितळ दुसऱ्या आकारांत आणणें ही कांहीं नवलाची गोष्ट नाहीं. कारखान्यांतही ती चालत आली आहे, आणि आपल्या देशाच्या कायद्यांनीं तिला चांगलेंच खाद्य पुरविलें आहे. ०.३०३ इंची रायफली पोलिसांच्या हातीं देतांना, त्या बंडखोरांच्या हातीं गेल्या तरी लष्करी काडतुसें त्यांत चालूं नयेत, म्हणून सरकारनें त्यांच्या नळ्या पोखरून ०.४१० इंची मस्केटी केल्या. त्यांचें काडतूस म्हणजे ०.३०३ चीच पितळ, फक्त गळा न आवळतां सरळ ठेवलेली. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान व सुदान या दोन देशांत ०.४५० इंची काडतुसांना बंदी झाली; तेव्हां इंग्लंडांतील बंदुका करणाऱ्यांनीं मोठ्या शिकारीसाठीं ०.४६५, ०.४७० अशीं गळा आवळलेलीं नवीं काडतुसें काढलीं. लष्करी ०.३०३ सामान्य परवानाधारकास मिळत नसे, म्हणून ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचें आठ मिलिमीटरचें काडतूस ०.३१५ या नांवानें येथें रुजलें, आणि स्वातंत्र्यानंतरही तें खडकीस तयार होत आलें. कायद्याचें एक कलम बदलावें आणि पितळेचा गळा आवळावा किंवा सैल व्हावा, असा हा इतिहास आहे.

परदेशांतील हौशी लोकांची गरज निराळी आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जुन्या रायफलींचीं पुष्कळशीं काडतुसें कारखान्यांनीं करणें सोडून दिलें. रायफल उत्तम, पण तिचें काडतूस जगांत कोठें मिळत नाहीं, अशी स्थिति झाली. तेव्हां आकारानें जवळची नवी पितळ घेऊन तिला हव्या त्या रूपांत आणण्याची कला वाढली. मार्टिनी–हेन्रीचेंच उदाहरण घ्या. तिचें जाडजूड, बाटलीसारखें काडतूस हे लोक चोवीस बोअरच्या शॉटगनच्या संपूर्ण पितळी काडतुसापासून करितात. सरळ नळी एकेक साच्यांतून पायरीपायरीनें आवळतात. मधें गळ्याला आंच देतात. लांबी कापून बेताची करितात. आणि पहिल्या हलक्या बारानें ती पितळ त्या विशिष्ट रायफलीच्या घराचा तंतोतंत आकार घेते. सुदानांत जिची सुरळी फाटत होती, त्याच रायफलीला आज सलग पितळ मिळाली आहे, ती अशी.

या कामांत कौशल्य साच्यापेक्षां आंचेंत आहे. गळ्याला आंच कमी पडली तर तो पुढच्या आवळणीला चिरतो. अधिक पडली तर गोळी धरण्याइतकाही ताठपणा त्यांत उरत नाहीं. आणि ती आंच चढत चढत बुडापर्यंत पोंचली, तर मात्र गुन्हा झाला. कारण मऊ पडलेलें बूड बाराचा दाब सोसत नाहीं, आणि ही चूक डोळ्यांना दिसत नाहीं. काडतूस पूर्वींसारखेंच पिवळें, चकचकीत व निरुपद्रवी दिसत राहतें. तांबटाच्या भांड्यांत चूक झाली तर पाणी गळतें. येथें चूक झाली तर डोळा जातो.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. जाणते लोक या कामासाठीं नवी पितळ घेतात. शंभर वर्षांची जुनी, उडविलेली किंवा भरलेली पितळ घेत नाहींत. त्याला तीन कारणें आहेत. पहिलें, जुन्या टोप्यांत पाऱ्याचें स्फोटक वापरीत. बार उडतांच त्यांतला पारा सुटून पितळेंत शिरतो व तिला कांचेसारखी ठिसूळ करितो. सोनाराला हें सांगावयास नको, कारण पारा लागलेल्या दागिन्याची भीति त्याला ठाऊकच असते. दुसरें, ०.३०३ च्या लष्करी रायफलींचें घर चिखलमातींतही काडतूस बसावें म्हणून सैल ठेवलेलें असे. त्यामुळें एका बारांतच बुडाच्या किंचित् वर पितळ ताणून पातळ होते आणि पुन्हां वापरल्यास नेमकी तेथेंच तुटते. तिसरें कारण आपण पाहिलेंच: जुन्या पिळावर हवेनें किती काम केलें आहे तें बाहेरून कळत नाहीं. माजघरांतलीं तिन्ही काडतुसें अखंड होतीं असें मीं म्हटलें. तीं अखंड दिसत होतीं, इतकेंच म्हणणें अधिक खरें.

आपल्या देशापुरतें पाहिलें तर याहून साधें उत्तर आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवान्यावांचून काडतूस बाळगतांही येत नाहीं, मग तें तयार करणें दूरच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचे दिवसही संपविले. पण कायदा नसता तरीही माझें उत्तर तेंच असतें. गांवोगांवच्या जुन्या वाड्यांतून, माळ्यांवरून, धान्याच्या कणग्यांमागून अशीं काडतुसें अजून निघतात. तीं मुलांच्या हातीं देऊं नयेत. चिंच लावून घांसूं नयेत, कीं मोडीच्या पितळेंत घालूं नयेत. मोडीबरोबर भट्टींत गेलेलें एक भरलेलें काडतूस कारागिराचा जीव घेऊं शकतें. जेथें सांपडलीं तेथेंच राहूं द्यावींत आणि पोलिसांस कळवावें. आम्हांला त्यांत कांहीं त्रास झाला नाहीं. एक दुपार गेली, इतकेंच.

पुतण्यास मीं हें सर्व सांगितलें तेव्हां तो जरा हिरमुसला. काडतुसें गेलीं, आणि आजोबांच्या बंधूंची एक आठवण त्यांबरोबर गेली, असें त्याला वाटलें. मग आम्हीं दोघे गोठ्यांत गेलों. तेथें वापरांतून गेलेली एक जुनी पितळी कळशी पडलेली होती. तिच्या गळ्याला, कांठाखालीं, तसाच एक उभा तडा होता. ती कोणी आपटली म्हणून आमच्या घरांत एका सुनेला बोल लागल्याची गोष्ट मीं लहानपणीं ऐकलेली आहे. कळशीचा कांठ घडतांना त्यांत राहून गेलेला पीळ व गोठ्याची हवा यांनींच तें काम केलें असावें, असें आतां मला वाटतें. तो बोल परत घेण्यास आज कोणी हयात नाहीं. पण पुतण्यानें ती कळशी उचलली, पुसली, आणि माजघरांत आणून ठेविली.